भुवईवरचा वण

खूप जुनी गोष्ट आहे, मुलांनो; आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, खरे तर तुमच्यासाठीच आहे. एका राज्यात एक तळे होते. त्या तळ्याच्या पाण्यावर बोटाने चित्र काढले, की ते राज्यातल्या प्रत्येक विहिरीत दिसे. पाणी शेंदायला गेलेल्या माणसाने वाकून पाहावे, तर कधी हत्ती, कधी मोर, कधी कुणाचे हसरे तोंड. घागर बुडवली तरी चित्र मोडत नसे. ज्या बोटाने ते काढले, त्याच बोटाने तळ्यावर येऊन पुसले तरच ते जाई.

चित्र काढणारा खाली कोपऱ्यात आपली निशाणी ठेवी. कुणाला ते चित्र आपल्या भिंतीवर किंवा लुगड्यावर हवे असले, तर तो निशाणी ओळखून त्या घरी जाई आणि दारातून विचारी, “नेऊ का?” आतून “न्या” असे आले तर न्यायचे, “नको” असे आले तर मुकाट परतायचे. एवढाच रिवाज होता. त्याला शिपाई लागत नव्हता.

तळ्याकाठी एक चितारी राहत असे. हात चांगला होता, पण त्याची चित्रे कुणी दुसऱ्यांदा पाहत नसे. बायका वाकून बघत, “बरं आहे” म्हणत आणि घागर वर ओढत. ते “बरं आहे” त्याच्या फार जिव्हारी लागे.

एका सकाळी त्याला विहिरीत एका मुलीचे चित्र दिसले. असेल अकरा वर्षांची. ओठ मिटलेले, हातात हिरव्या बांगड्या आणि एका भुवईला छेदून गेलेला छोटासा वण. कोपऱ्यात बांगडीची निशाणी. चितारी पाहतच राहिला. पोर आता काहीतरी बोलेल असे वाटत होते.

ती निशाणी तीन दिवसांच्या वाटेवर राहणाऱ्या एका कासारणीची होती, हे त्याला ठाऊक होते. तीन दिवस जायला, तीन दिवस यायला, आणि एवढे करून ती “नको” म्हणाली तर? तो तळ्यावर गेला आणि तीच मुलगी त्याने काढली. वण तेवढा गाळला, कारण तो त्याला डाग वाटला. मिटलेल्या ओठांच्या जागी हसरे दात काढले, केसांत फुले माळली आणि कोपऱ्यात आपली निशाणी ठेवली.

राज्य नुसते वेडे झाले. जो तो विहिरीत डोकावू लागला. मिठाईवाल्याने ती मुलगी आपल्या करंड्यांवर काढली. इतरांनीही तळ्यावर जाऊन तिला पुन्हा पुन्हा काढले. कुणी मुकुट घातला, कुणी गंमत म्हणून मिशा लावल्या. “नेऊ का?” असे कुणी चिताऱ्याला विचारले नाही, आणि त्यालाही त्याचे काही वाटले नाही. तो बाजारात निघाला की लोक बाजूला होऊन वाट देत.

महिन्याभराने त्याच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. पाय धुळीने भरलेले होते.

“ती माझी मुलगी आहे,” कासारीण म्हणाली. “पाच वर्षांची असताना तापानं गेली. दर कार्तिकात तळ्यावर येऊन मी तिला एका वर्षानं मोठी करून काढते. तिच्या वयाच्या पोरींना बांगड्या भरताना त्यांचे हात, त्यांची उंची बघून ठेवते. जुनं पुसते, नवं काढते. तेवढीच वाढते ती. तुमचं चित्र पुसा.”

चिताऱ्याला गलबलून आले. पण अंगणात त्याचे कौतुक करायला जमलेली माणसे बसली होती, आणि ती सगळी त्याच्याकडे बघत होती.

“बाई, मी काय चोरलं?” तो मोठ्याने म्हणाला. “तुमचं चित्र तुमच्या जागी आहेच की! आणि तळ्याचं पाणी काय कुणाच्या बापाचं आहे?”

“आधी विचारायला हवं होतंत.”

“म्हणजे दिलं असतंत?”

“नाही,” कासारीण म्हणाली. “पण नको म्हणायला तरी मिळालं असतं.”

अंगणातली माणसे हसली. चितारीही हसला. ती आली तशी परत गेली.

त्या माणसांनी ऐकलेली गोष्ट तोंडातोंडी राजवाड्यापर्यंत पोचली. कार्तिक जवळ आला तसे राणीने फर्मावले, “पोर आता बारा वर्षांची व्हायला हवी. चिताऱ्याला सांगा, बारा वर्षांची दाखव.”

चिताऱ्याने काढली. पुसली. पुन्हा काढली. मुलगी मोठी काही होईना, नुसती लांब होई. बायकांनी विहिरीत वाकून पाहिले आणि म्हणाल्या, “बरं आहे.” मग कासारणीने यंदा काय काढले ते बघून घ्यावे, म्हणून तो विहिरीवर गेला. तिच्या चित्राच्या जागी नुसते काळे पाणी होते. या वेळी मात्र तो तीन दिवसांची वाट चालून गेला.

“माझं चित्र मीच तळ्यावर येऊन पुसलं,” कासारीण म्हणाली. “पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, ही त्या चिताऱ्याची नक्कल आहे, वर भुवईही बिघडवलीय. ऐकवेना. वाटलं, कार्तिकात नवं काढीन. पण काढायला बसले की तुमचीच येते. ती दात दाखवणारी.”

चितारी तसाच माघारी फिरला आणि त्याने तळ्यावरचे आपले चित्र पुसले. विहिरीत पाहिले, तर मुलगी होतीच. शंभर जणांनी शंभर बोटांनी काढलेली, आणि एकीच्याही भुवईवर वण नव्हता.

तो पुन्हा कासारणीकडे गेला. दारातूनच हात जोडून म्हणाला, “माझं चुकलं. तुमची मुलगी होती तशी काढून देतो. वण कोणत्या भुवईवर होता, एवढंच सांगा.”

कासारणीने बोट डाव्या भुवईवर ठेवले. मग उजवीवर. मग हात खाली घेतला.

“तुम्ही गाळलात ना तो?” तिने विचारले. “गाळताना पाहिला असेल. तुम्हीच सांगा, कुठं होता?”

चिताऱ्याने डोळे मिटले. त्याला फुले आठवली, दात आठवले. वण काही केल्या आठवेना.

त्यानंतर त्याने तळ्याला बोट लावले नाही. तो गावोगाव फिरून ज्याने त्याने काढलेली ती मुलगी पुसायची विनवणी करी. काहींनी पुसली. बाकीचे दारातूनच म्हणत, “तळ्याचं पाणी काय तुझ्या बापाचं आहे?” तो मान खाली घालून पुढच्या गावाच्या वाटेला लागे. आणि कासारीण बारा वर्षांच्या पोरींना बांगड्या भरताना मान वर करून बघेनाशी झाली. तिची मुलगी बारा वर्षांची झालीच नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: दुसऱ्याने काढलेले चित्र त्याला विचारल्यावाचून घेऊ नये; कारण घेतलेले परत करू म्हटले, तरी ते होते तसे परत करता येत नाही.