भिंतीवरच्या पाच रेघा

त्या जुन्या गोष्टीतली अंडी नासकीच व्हती, असं खालच्या आळीचा तो कोंबडीवाला सांगत फिरतोय. आरं, अंडी न्हाई, डोस्कं नासकं व्हतं. आता नीट आयका.

लई मागं, कंच्या राजाचं राज व्हतं ते बी कुनाला ठावं न्हाई, तवा एका तळ्याकाठी गाव व्हता. घरोघरी ठिपक्यांची बदकं. मातीच्या रंगाची, बारकी. भाताच्या खाचरातल्या गोगलगाई वेचून खायची, सांजंला आपल्या पायानं घरला यायची. मग कुठनं तरी पांढरी, थोराड बदकं आली. लोकांनी जुनी कापून खाल्ली. एका म्हातारीकडं तेवढी एक जोडी उरली. ती बी कोल्ह्यानं नेली. मागं राहिली नऊ अंडी.

म्हातारीनं ती टोपलीत खुडूक कोंबडीखाली ठेवली. तेवढ्यात लेकीचं बाळंतपन आलं. निघताना तिनं कोळशानं भिंतीवर अठ्ठावीस रेघा ओढल्या आन् लेकाला म्हनली, "रोज एक पूस. अंड्यांवर वल्या हातानं पानी शिंपड. रेघा सरंस्तोवर दुसरं काय बी करू नगंस."

"आये, कोंबडी एकवीस दिसांत पिल्लं काढती. मला शिकवतीस व्हय?"

"बसलीया कोंबडी. अंडी बदकाची हायत."

"अंडं ते अंडं," म्हनून लेक हसला.

एकविसावा दिस गेला. बाविसावा गेला. कोंबडी वाळून काटकी झाली. शेजारी कुंपनावरनं इचारायचा, "काय गड्या, गारगोट्यांवर बसवलीस का कोंबडी?"

तेविसाव्या दिशी रेघ पुसता पुसता लेकाचं टाळकं फिरलं. टोपली उचलली आन् नऊच्या नऊ अंडी उकिरड्यावर भिरकावली. फुटल्याल्या एकातनं बारीक आवाज आला. त्यानं तो आयकला. पन शेजारी बघत व्हता, म्हनून माघारी वळला न्हाई.

कोंबडी मातूर त्या टरफलांवर जाऊन बसली. उठवली तरी उठंना.

पाच दिसांनी म्हातारी आली. भिंतीवर पाच रेघा तशाच. उकिरड्यावर गेली, कोंबडीला बाजूला सारलं, एक वाळल्यालं पिल्लू काढलं आन् लेकाच्या तळहातावर ठेवलं.

"बोटांत पडदं आलं व्हतं रं," म्हनली.

त्या साली गोगलगाईंनी खाचरांतला भात साफ केला. पांढरी बदकं चिखलात उतरंनात. ठिपक्यांची बदकं त्या तळ्यावर पुन्हा कुनाला दिसली न्हाईत. लेक म्हातारा झाला. भिंत दर साली सारवायचा, पन तेवढ्या पाच रेघा सोडून.

एकाच्या दिसांनी दुसऱ्याचा जीव मोजू नये.

आन् खालच्या आळीच्या त्या शहान्याकडं बी बदकाची अंडी कोंबडीखाली ठेवल्यात. एकवीस दिस झालं, आज टाकतो म्हनतोय. हितं बसून माझं तोंड काय बघताय? उठा, जावा, आन् त्याच्या हातातनं टोपली काढून घ्या.