ग्रुप कुणाचा?

सांगलीच्या एका सोसायटीत टाकीच्या पाण्याला वास येऊ लागला आणि तीन मुलांना कावीळ झाली. निवृत्त परिचारिका शैलजाताई कुरणे यांनी टाकीतल्या गाळाचा फोटो सोसायटीच्या मोबाइल ग्रुपवर टाकला. अध्यक्ष तगारे यांनी तो पुसला आणि ताईंनाच ग्रुपमधून काढून टाकलं. सूचनाफलकावर लावलेला त्यांचा कागदही फाडला.

पुढच्या सभेत ताईंनी उभं राहून जाब विचारला.

तगारे हसले. "बोलण्याचं स्वातंत्र्य रस्त्यावर, ताई. ग्रुप मी काढलाय, तो माझा खाजगी आहे. माझ्या घरात कोणी काय बोलायचं ते मी ठरवणार."

लोकांनी माना खाली घातल्या. ताईंना एकटं पडल्यासारखं झालं, पण त्या खाली बसल्या नाहीत.

"ग्रुप खाजगी, हे नक्की?"

"शंभरदा सांगतो."

"सचिव, इतिवृत्तात लिहून घ्या." सचिवांनी लिहिलं. "आता सांगा, हे अध्यक्ष झाले त्या सभेची सूचना कुठे दिली होती?"

"फक्त ग्रुपवर," सचिव म्हणाले.

"म्हणजे यांनी आपल्या घरातल्या घरात निरोप दिला. सोसायटीला सूचना मिळालीच नाही, मग निवड कसली? ग्रुप खाजगी असेल तर तगारे अध्यक्ष नाहीत. अध्यक्ष असतील तर ग्रुप सोसायटीचा, आणि मी सोसायटीची सभासद. काय ठेवायचं ते त्यांनीच सांगावं."

तगारेंनी इतिवृत्ताच्या वहीकडे बोट दाखवलं.

"खोडा ते," ते पुटपुटले.

"खोडाखोड नको," ताई म्हणाल्या. "खाली लिहा, ग्रुप सोसायटीचा आहे, आणि टाकी उद्या सकाळी साफ होणार आहे."