गुडघे न टेकलेला सुतार

एका डोंगराखालच्या गावात गोष्टी लिहिणारी एक बाई राहत होती. गाव ख्रिस्ती मंडळींचं. कापणी झाली की देवळात उपकारस्तुतीचा सण व्हायचा. लोक शेतातलं पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवायचे, मग भोपळ्यांचा आणि कोंबड्यांचा लिलाव व्हायचा. तो गलका शांत झाला की बाई उभी राहून त्या वर्षीची नवी गोष्ट वाचायची. गोष्ट संपली की सगळी मंडळी एका सुरात ‘आमेन’ म्हणत. आमेन जितकं मोठं तितकी गोष्ट चांगली, अशी बाईची समजूत होती.

आमेन मोठं यावं म्हणून तिने एक युक्ती काढली होती. तिच्या गोष्टीत एक माणूस देवावर रुसायचा, देवळाकडे पाठ फिरवायचा आणि शेवटच्या पानावर धाडकन गुडघे टेकून ढसाढसा रडायचा. कधी तो नावाडी असायचा, कधी शिकारी, कधी सरदार. पण वल्हं मारो की तलवार धरो, डाव्याच हाताने. असं का होतं, ते बाईला कळत नव्हतं. गावाला मात्र पहिल्याच वर्षी कळलं.

कारण गावात डावखुरा माणूस एकच होता, तिचा धाकटा भाऊ. तो सुतार होता. देवळातले सगळे बाक त्याच्या हातचे. त्याची चिमुकली मुलगी तापाने फणफणली तेव्हा सगळ्या गावाने प्रार्थना केली, आणि तरीही ती गेली. त्या दिवसापासून सुतार देवळाची पायरी चढला नव्हता. त्याच्याच बाकांवर बसून लोक त्याचाच पश्चात्ताप ऐकायचे, डोळे पुसायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याला रस्त्यात गाठून विचारायचे, “मग, कधी येतोस?” हळूहळू सुताराने बहिणीकडे येणंही सोडलं. बाईला त्याची फार आठवण यायची. तो पुन्हा आपल्याकडे जेवायला बसावा, एवढंच तिला हवं होतं. पण आपलं काय चुकलं, ते काही तिच्या ध्यानात येत नव्हतं.

एका वर्षी सण जवळ आला तसे देवळातली उपासना चालवणारे पाळकसाहेब तिच्या दारी आले. “बाई, यंदा शेवट असा करा की आमेन डोंगरापलीकडे ऐकू गेलं पाहिजे.”

बाईने हो म्हटलं. पण तिच्या लिहायच्या मेजाचा एक पाय डुगडुगत होता. निमित्त बरं सापडलं, असं म्हणून तिने मेज उचललं आणि भावाची पडवी गाठली.

सुताराने मेज उलटं केलं, पाय ठोकून पाहिला आणि मान वर न करता विचारलं, “यंदा कोणाला रडवणार आहेस, ताई?”

“छे रे. यंदा एक धनगर आहे.”

“डावखुरा?”

बाईची नजर त्याच्या डाव्या हातातल्या हातोडीवर गेली.

“दरवर्षी तू मला गुडघे टेकायला लावतेस,” सुतार म्हणाला. “एकदा तरी येऊन विचारलंस, की बाबा रे, तुझ्या मनात काय चाललंय?”

बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती भुशाच्या ढिगाशेजारी बसली. “आता विचारते. काय चाललंय?”

“भांडण. रंधा हातात घेतला की मी देवाशी भांडतो. का नेलीस माझी पोर, म्हणून विचारतो. तो उत्तर देत नाही. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो. तुझी माणसं नुसती रुसतात नि रडतात. ताई, असा माणूस मी तरी पाहिलेला नाही.”

बाई ऐकत राहिली. रंध्यातून निघालेली लाकडाची वेटोळी ती पोर बांगड्या म्हणून हातात घालायची, हेही त्याने सांगितलं. इतकी वर्षं जवळ राहून बाईला ते ठाऊक नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

“हे लिहू का रे?” तिने भीत भीत विचारलं.

“लिही. फक्त मला गुडघ्यांवर पाडू नकोस.”

बाईने घरी येऊन धनगराला घरी पाठवलं आणि सुताराची गोष्ट लिहायला घेतली. लिहिणं झरझर झालं. पण शेवटच्या पानावर सवयीच्या हाताने सुताराला देवळाच्या दारापर्यंत ओढत आणलं. आता एकच ओळ, की आमेन पदरात. बाई थबकली. तिच्या मनात आलं, ‘मला घडवणाऱ्याने मला कधी मानगूट धरून देवळात नेलं नाही. रुसले तेव्हा रुसू दिलं, परतले तेव्हा परतू दिलं. मग चार ओळी लिहिता येतात म्हणून मी कोण एवढी शहाणी लागून गेले?’ तिने ते पान फाडून टाकलं. गोष्टीतला सुतार रंधा हातात घेऊन आपला प्रश्न विचारत उभा राहिला.

सणाच्या दिवशी गोष्ट संपली तरी कोणी बोलेना. पाळकसाहेबांना वाटलं, एखादं पान गळलं असावं.

“पुढे काय, बाई?”

“पुढचं मला माहीत नाही. तो अजून विचारतोय.”

आमेन काही आलं नाही. एवढ्यात मागच्या बाकावरून, जिचं आमेन सगळ्यांत खणखणीत असायचं ती म्हातारी म्हणाली, “मीही विचारते. आमचे मालक गेल्यापासून. देवळात असं बोलायचं नसतं, म्हणून गप्प होते.” मग दुसरं कोणी बोललं, मग तिसरं. शेवटी पाळकसाहेब खाली उतरून मंडळीत येऊन बसले आणि म्हणाले, “माझाही एक प्रश्न आहे.” अंधार पडेपर्यंत कोणी घरी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी लोक पडवीत येऊन सुताराशेजारी नुसते बसून गेले. ‘कधी येतोस’ असं कोणी विचारलं नाही.

दुपारी मेज डोक्यावर घेऊन सुतार बहिणीच्या दारात उभा राहिला. “मेज झालं. भूक लागलीय.”

बाईने भाकरी आणि भरीत वाढलं. जेवणाआधीची तिची प्रार्थना नेहमी लांबलचक असायची. आज ती एवढंच म्हणाली, “प्रभू, या अन्नाबद्दल आणि माझ्या भावाबद्दल तुझे उपकार.” सुताराने डोळे मिटले नव्हते. हे तिला दिसलं, कारण तिनेही मिटले नव्हते. दोघांनाही एकदमच हसू फुटलं.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: माणूस कागदावरचा असो की घरातला, आधी त्याचं ऐकावं आणि मग त्याला त्याच्या पायांनी चालू द्यावं, देवही आपल्याला तसंच चालू देतो.