लाल मातीचं कोर्ट

जिमखान्याचं जुनं टेनिस कोर्ट पार भेगाळलं होतं. दुरुस्तीसाठी सभासदांनी वर्गणी जमवली, तर अध्यक्ष रावसाहेब घाटगे लॅपटॉप घेऊनच सभेत अवतरले.

"हे सॉफ्टवेअर टेनिसपटूंची सगळी आकडेवारी पिंजून विजेता सांगतं. वर्गणी परदेशी सामन्यांच्या पैजेवर लावू, दुप्पट होईल!"

माना डोलू लागल्या. इंदिराबाई ओगले मात्र उठून उभ्या राहिल्या. त्यांचं तरुणपण याच लाल मातीत यजमानांसोबत दुहेरी खेळण्यात गेलं होतं.

"रावसाहेब, हे आणलंत कुठून?"

"पैजा घेणाऱ्या कंपनीनंच दिलं, तेही फुकट! तुमच्या काळी असलं काही नव्हतं, बाई."

"नव्हतं खरं," इंदिराबाई हसल्या. "पण आमच्या काळी समोरचा खेळाडू आपणहून स्वतःची रॅकेट आपल्या हातात द्यायला लागला, तर आम्ही आधी तिच्या तारा तपासायचो!"

सभेत हशा उसळला. रावसाहेबांनी लॅपटॉप मिटला.

पुढच्याच आठवड्यात नवी माती पडली, रोलर फिरला. त्या संध्याकाळी इंदिराबाई एकट्याच कोर्टात उतरल्या आणि डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. यजमान होते तोवर उजवी बाजू नेहमी तेच सांभाळायचे. ती इंदिराबाईंनी मोकळीच ठेवली.