बरणीतल्या उन्हाची बोळवण

हातात अक्षता घ्या, पोरांना गप्प करा, नि ऐका ऊनबाई, ऐका चांदणबाई, तुम्हां दोघी बहिणींची कहाणी.

नगर आपलं नेहमीचंच, आटपाट. नगराच्या कडेला नदी, नदीच्या कडेला आळी, आळीच्या टोकाला एक घर. त्या घरात म्हाळसा नावाची बाई राहत होती. नवरा कधीच देवाघरी गेलेला. एक मुलगा होता, दौलत. एक सून होती, गजरा. ती पोटुशी होती. नि एक लेक होती, येसू. ती नदीपल्याडच्या गावी दिलेली.

म्हाळसेचा हात वाळवणाला मोठा. वैशाखात तिच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. इकडे कुरडया, तिकडे सांडगे, मधे पापड. माजघरात कैऱ्यांचा ढीग. त्या वर्षी येसू माहेरपणाला आली. आईला म्हणाली, "आई, यंदा गुळांबा मी घालणार. तू नुसती बसून राहा." मग ती माजघरात किसणी घेऊन बसली. झरोक्यातून उन्हाचा कवडसा पडायचा, त्यात बसून कैऱ्या किसायची. गुळांबा झाला, बरण्या भरल्या, तोंडाला फडक्याचे दादरे बांधले. आषाढ लागला नि येसू सासरी गेली.

श्रावणात निरोप आला. गवत कापायला गेली होती, बांधावर पान लागलं. बायांनो, श्रावणात त्या लांबड्याचं नाव घेऊ नये म्हणून पान म्हणायचं, तुम्ही समजून घ्या. घरी आणेपर्यंत येसू राहिली नाही.

मग भादवा गेला, आश्विन लागला. गजरा बाळंत झाली. मुलगी झाली, गोरीपान. पण म्हाळसेनं तिच्याकडे मान वळवून पाहिलं नाही.

आता त्या आळीत एक वसा होता. उन्हाळ्याचं ऊन पावसाळ्यात कुठं राहतं? आपल्या बरण्यांत राहतं. पाऊस बिचारा ओसरीवरचा पाहुणा, तो आत येत नाही. पण पाऊस सरला की चांदणबाई येते, ती घरात राहायला येते. दोघी बहिणी सख्ख्या, पण एका घरात नांदायच्या नाहीत. म्हणून आश्विनातल्या पुनवेला तिन्हीसांजेला बायका बरण्या उघडायच्या. उन्हाळ्याचं जे उरलं असेल ते पानात वाढायच्या, शेजारणीला द्यायच्या, बोट चाटूनपुसून खायच्या. बरणी धुवून अंगणात पालथी घालायच्या. मग दार उघडं टाकायचं, चांदण्यात दूध ठेवायचं. ऊन सुखानं जायचं, चांदणं सुखानं यायचं.

त्या पुनवेला म्हाळसेनं काय केलं? लोणच्याची बरणी उघडली, मोरांब्याची उघडली, कुरडया तळल्या. येसूच्या गुळांब्याची शेवटची बरणी मात्र उचलली नि तांदळाच्या कणगीत खोल पुरून ठेवली. मनात म्हणाली, ही संपली की माझ्या लेकीच्या हातचं जगात काही उरायचं नाही. शेजारणींनी विचारलं, "म्हाळसाबाई, सगळं उघडलं ना?" ती म्हणाली, "सगळं उघडलं." मेल्या जिभेला हाड नसतंच.

दुसऱ्या दिवशी झरोक्यातून कवडसा पडला. दुपार टळली, कवडसा हलला नाही. दिवस मावळला, कवडसा हलला नाही. बाहेर दिवे लागले नि माजघरात जमिनीवर वीतभर ऊन तसंच लख्ख पडलेलं. गजरा दिवा घेऊन आली नि दारातच थिजली. "आत्याबाई, हे काय हो?" म्हाळसा म्हणाली, "काही नाही. तू बाळाकडे बघ."

मग गजरेनं झरोक्यात बोळा कोंबला. ऊन गेलं नाही. त्या जागी शेणानं सारवलं. सारवण घटकेत वाळून तडकलं, वर ऊन तसंच. मग तिनं त्यावर सूप पालथं घातलं, तर ऊन सुपाच्या पाठीवर येऊन बसलं. गजरेनं पदर तोंडात धरला नि बाळाला घेऊन कोपऱ्यात गेली.

मग एका तिन्हीसांजेला आवाज आला. खर्र, खर्र, खर्र. म्हाळसा धावत माजघरात गेली. माणूस कुणी नाही, किसणी खुंटीला. पण कवडशात सावली होती. पाय मुडपून बसलेल्या बाईची सावली, कपाळावर बट आलेली, एक हात खालीवर होत असलेला. घरभर कैरीचा आंबूस वास सुटला होता. म्हाळसेनं ओळखलं. आईला सावली ओळखायला वेळ लागत नाही. ती तिथंच बसली नि म्हणाली, "आलीस गो बाय?"

सावली नुसती किसत राहिली.

मग म्हाळसेला दुसरं सुचेना. घास गिळला की माजघरात, काम टाकलं की माजघरात. उन्हाच्या कडेला बसायची नि सावलीशी बोलायची. आळीत कुणाला सून आली, कुणाची म्हैस व्याली, सगळं सांगायची. इतकी सुखात होती की तिला दुसरं काही दिसेना. अंगणातली तुळस वाळली, तिला दिसलं नाही. सकाळचं दूध चुलीवर ठेवायच्या आत नासायला लागलं, तिला दिसलं नाही. आळीतल्या सगळ्या अंगणांत टिपूर चांदणं पडायचं, हिच्या अंगणाच्या कडेशी येऊन थांबायचं, तेही दिसलं नाही. दौलत शेतावरून यायचा नि बाहेरच पडवीत निजायचा. म्हणायचा, "आत भट्टी आहे."

मग एका संध्याकाळी दाराशी एक बाई आली. अंगावर पांढरं लुगडं, चेहरा शांत. उभी होती तिथली धूळ दंवानं भिजली होती. म्हणाली, "म्हाळसाबाई, आत येऊ का?" म्हाळसा म्हणाली, "घरात जागा नाही." बाई निघून गेली.

काही दिवसांनी पुन्हा आली. "म्हाळसाबाई, आत येऊ का?" म्हाळसा म्हणाली, "घरात बाळंतीण आहे, परकी पावलं नकोत." बाई तशीच निघून गेली.

इकडे बाळ तापायला लागलं. अंगाला हात लावावा तर चटका. वैद्य आला, काढे झाले, कपाळावर ओल्या घड्या झाल्या. घड्या ठेवताठेवता वाळायच्या. पोर आईच्या अंगाला तोंड लावीना. गजरा रडून रडून अर्धी झाली.

मग आली कार्तिकातली पुनव. तिन्हीसांज व्हायला आली होती. गजरा परसात पाणी आणायला गेली. म्हाळसा माजघरात येऊन पाहते तर खर्र खर्र बंद. कवडसा जागचा सरकून पाळण्याखाली आलेला. नि पाळणा हलत होता. दोरीला हात कुणाचा नव्हता. भिंतीवर सावली होती, सावलीचा हात दोरीवर होता. मग ती सावली वाकली, लाडानं वाकली, नि तिनं बाळाच्या गालावर हात फिरवला. बाळ कळवळून ओरडलं. गालावर लालबुंद वळ उठला.

आपल्याच लेकीची म्हाळसेला भीती वाटली, नि भीती वाटली याची लाज वाटली. तिनं बाळ उचललं. नातीला जन्मल्यापासून पहिल्यांदा पोटाशी धरलं. निखारा पदरात घ्यावा तसं अंग लागलं. ती तशीच दाराकडे पळाली, तर उंबऱ्यापलीकडे ती पांढऱ्या लुगड्यातली बाई उभी.

"म्हाळसाबाई, आत येऊ का?"

"ये गो माये, कुणीही असशील ती ये, पण ही पोर वाचव."

"कशी येऊ? आत थोरली आहे माझी. ती निघाल्याखेरीज मला उंबरा ओलांडता येत नाही. नि आज माझा शेवटचा दिवस. आज चंद्र डोक्यावर आला की मी निघाले. मग थंडी येईल. ती विचारून येत नाही. आत ऊन, बाहेर थंडी, मधे ही एवढीशी पोर. मग ही तडकेल."

म्हाळसेला कळलं ही कोण. ती तिच्या पाया पडली. म्हणाली, "चांदणबाई, ऊन जाऊ दे, पण माझी येसू राहू दे. ती काही करत नाही हो. नुसती किसत बसते."

"का किसते, विचारलंस कधी? बरणी रिकामी होत नाही, म्हणून तिचं किसणं सरत नाही. हात सोलवटलेत पोरीचे. तू गप्पा मारतेस, ती ऐकते नि किसते. मधे भाचीला बघावंसं वाटलं म्हणून उठली, तर हात उन्हाचा. तिला कुठं ठाऊक तो भाजतो ते?"

म्हाळसा रडली, पोटभर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "काय करू सांग."

"बरणी काढ. ओतून दिलीस तर चालायचं नाही, पुरलीस तर चालायचं नाही, गाईला घातलीस तर चालायचं नाही. माणसांनी खायला हवं, चवीनं खायला हवं. चाखशील तशी चव सांग. जिभेला जे लागेल तेच बोल."

"उतणार नाही, मातणार नाही, हाती घेतलं टाकणार नाही," म्हाळसा म्हणाली, नि उठली.

तिनं कणगीत हात घातला, तर तांदूळ भाजक्या वाळूसारखे. कोपरापर्यंत हात पोळला, पण बरणी बाहेर काढली. दौलतला हाक मारली, गजरेला बोलावून बाळ तिच्याकडे दिलं, भिंतीपलीकडच्या कोंडूबाईला बोलावलं. ती बघा कशी आली, गुळांबा म्हटल्यावर! पाट मांडले, पानं घेतली. एक पान कवडशापुढे मांडलं. सगळ्यांना वाढलं. बरणी खरवडून शेवटचं ते आपल्या पानात घेतलं.

मग म्हाळसेनं पहिलं बोट चाटलं. नुसतं रडू आलं, चव लागलीच नाही. आत आवाज आला, खर्र.

दुसरं बोट चाटलं. डोळे मिटून म्हणाली, "अमृत झालंय गो, अमृत." आवाज आला, खर्र, खर्र. खोटं होतं ते. आई असली म्हणून काय झालं?

बाहेर चंद्र वर यायला लागला. गजरेच्या मांडीवर बाळानं डोळे पांढरे केले. म्हाळसेनं शेवटचं बोट तोंडात घातलं. घाई केली नाही. जिभेवर घोळवलं, टाळूला लावलं, लेकीचा हात शोधत शोधत चाखलं. नि तिचा चेहरा वाकडा झाला.

"येसू," ती म्हणाली, "लवंग केवढी घातलीस गो! तोंड बधिर झालं माझं. नि गूळ खाली लागलाय, करपट वास येतोय. तरी मी म्हणत होते, मी ढवळते, मी ढवळते. ऐकलं असशील तर शपथ!"

कोंडूबाईच्या तोंडून निघून गेलं, "लवंग जास्तच पडलीय खरी." दौलतला हसू फुटलं. गजरेला रडताना हसू आलं. मग म्हाळसा हसली. श्रावणानंतर पहिल्यांदा हसली, डोळ्यांतून पाणी काढून हसली. "पण आंबट छान उतरलंय हो," ती म्हणाली, "कैरी चांगली निवडली होतीस."

किसणं थांबलं.

कुणीतरी गुडघ्यावर हात टेकून उठावं तशा बांगड्या वाजल्या. सगळ्यांनी ऐकल्या. कवडसा जमिनीवरून सरकला. पाळण्याच्या अंगावरून न जाता, कडेकडेनं, भिंतीला धरून गेला. माजघरातून ओटीवर आला, ओटीवरून उंबऱ्यापाशी आला. तिथं सावली जरा थांबली. बाहेर पांढरी बाई बाजूला सरली. थोरलीनं धाकटीच्या हाताला हात लावला, तसा अंगणात वाफेचा एक झोत उठला.

म्हाळसेच्या ओठांवर आलं होतं, राहा गो. ते तिनं गिळलं. लेकी निघताना आया म्हणतात तेच म्हणाली, "जाते म्हणू नये, बाय. येते म्हण."

येसू काही बोलली नाही. गेलेल्या माणसाला येते म्हणता येत नाही. सावली उंबरा उतरली नि अंगणात नाहीशी झाली.

मग चांदणं आत आलं. ओटीवर आलं, माजघरात आलं, पाळण्यावर आलं. बाळाला दरदरून घाम सुटला. अंग निवालं. पोरीनं टकमक पाहिलं नि आईच्या पदरात तोंड खुपसलं. म्हाळसेनं बरणी स्वतः घासली, स्वतः धुतली, अंगणात पालथी घातली. दारात दुधाची वाटी ठेवली. मग नातीला मांडीवर घेऊन चांदण्यात बसली. पोरीच्या गालावर तो वळ जन्मभर राहिला, बोटभर लांब. म्हाळसा रोज त्यावर तेल लावायची नि म्हणायची, "तुझ्या आत्यानं लाड केला हो, दुसरं काही नाही."

ऊनबाई जशी तिच्या घरून तृप्त होऊन गेली, चांदणबाई जशी तिच्या घरी सुखानं आली, तशा त्या तुमच्याआमच्या घरून जावोत, घरी येवोत. निघणाऱ्याला वाट मिळो, येणाऱ्याला जागा मिळो, पाळण्यातलं पाळण्यात हसो. साठ उत्तरं होती, पाचांत सांगितली, कहाणी सुफळ झाली, पुरी झाली. अक्षता वाहा, नि उठून बरण्या उघडा.