सेनापतीच्या आतली माणसं

फार जुन्या काळी, जेव्हा राज्याराज्यांच्या सीमा डोंगर आणि नद्यांवरून ओळखल्या जात, तेव्हा एका राज्यात एक शूर सेनापती होता. लहानथोरांनो, त्याची ही गोष्ट.

लढाया संपल्या. राज्यात शांतता आली. तेव्हा राणीने सेनापतीला बोलावलं आणि ती म्हणाली, "पूर्वेच्या गावांना पाणी नाही. मधली टेकडी खणून नदीचं पाणी तिकडे न्यायचं आहे. तीनशे माणसं देते. त्यांचे प्रमुख तुम्ही."

सेनापतीला एकच रीत ठाऊक होती. पहाटे नगारा वाजे. उशिरा येणाऱ्याला दुपारभर उन्हात उभं केलं जाई. टेकडी म्हणजे शत्रूचा किल्ला आणि खणणारे म्हणजे सैन्य, असंच तो मानी. पहिले दोन महिने काम झपाट्याने झालं. सेनापती खूश होता. माणसं मात्र त्याच्यासमोर बोलेनाशी झाली.

त्या माणसांत धोंडजी नावाचा म्हातारा होता. त्याचं सारं आयुष्य विहिरी खणण्यात गेलेलं. एके दिवशी तो मुठीत माती घेऊन सेनापतीकडे आला.

"सरकार, पुढची माती भुसभुशीत आहे. इथून सरळ गेलो तर कडा ढासळेल. डावीकडून वळसा घेऊ या."

"वळसा म्हणजे माघार," सेनापती म्हणाला. "मी आजवर माघार घेतलेली नाही. सरळ खणा."

तिसऱ्या दिवशी कडा ढासळला. माती सरकू लागली, हे सर्वांत आधी धोंडजीने ओळखलं. तो खाली धावला आणि ओरडून ओरडून त्याने माणसांना वर पाठवलं. बाकी सगळे वाचले. धोंडजी एकटा आत अडकला.

सेनापतीने तलवारीचा पट्टा काढून फेकला आणि तो दोन्ही हातांनी माती उपसू लागला. नखं तुटली तरी तो थांबला नाही. दिवस कलताना म्हातारा बाहेर निघाला. जिवंत होता, पण एक पाय मोडला होता.

दुसऱ्या दिवशी निम्मी माणसं काम सोडून निघून गेली. सेनापती धोंडजीच्या उशाशी बसून त्याला चमच्याने पेज भरवत होता. तळावर स्वयंपाक करणारी चांगुणा म्हातारी दारात उभी राहून ते पाहत होती.

सेनापती तिला म्हणाला, "आजी, मी राणीसाहेबांकडे जाऊन हे काम परत करतो. मला फक्त लढता येतं."

"मग ही पेज कोण भरवतंय?" म्हातारीने विचारलं.

सेनापतीने हातातल्या चमच्याकडे पाहिलं.

"लेकरा, माणसाच्या आत एकच माणूस राहत नाही," ती म्हणाली. "लढणारा राहतो, तशी सांभाळणारी आईही राहते. ऐकून घेणारा, विचार करणारा एक शहाणा राहतो. स्वतःवर हसणारा एक खुळाही राहतो. तू इतकी वर्षं सगळी भाकरी एकट्या लढवय्याला वाढलीस. बाकीचे उपाशी राहिले, पण मेलेले नाहीत."

"मग त्या लढवय्याला हाकलून देऊ?"

"छे! काल ती माती उपसली कुणी? त्याला ठेव. फक्त दर वेळी त्यालाच पुढे करू नकोस."

निघून गेलेल्या माणसांना भेटायला सेनापती गावोगावी चालत गेला. एका अंगणात एक बाई त्याला म्हणाली, "माझ्या धन्याला ताप असताना तुम्ही उन्हात उभं केलंत."

तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलो, बाई. मी विचारलंच नाही."

बरीच माणसं परत आली. काही आली नाहीत, आणि सेनापतीने त्यांना बोल लावला नाही.

आता तो सगळ्यांशी मायेने वागू लागला. इतका, की कुणाला काही सांगणंच त्याने सोडलं. कुणीही केव्हाही येई, केव्हाही जाई. शेवटी कामाच्या वाटणीवरून दोन टोळ्या कुदळी घेऊन एकमेकांवर धावल्या.

चांगुणा हसून म्हणाली, "आता सगळी भाकरी आई खायला लागली की!"

सेनापती आधी ओशाळला, मग तोही खो खो हसला. त्याला हसताना लोकांनी पहिल्यांदाच पाहिलं. हळूहळू त्याला उमगू लागलं, की कठीण आहे ते आतल्या कुणाला केव्हा पुढे करायचं, ती वेळ ओळखणं. माती कशी आहे हे ठरवताना तो धोंडजीच्या खाटेशी बसून ऐके. कुणाच्या घरी आजारपण असलं तर आधी विचारपूस करी. पावसाळ्यात नदी कालव्याच्या बांधावर चढली, तेव्हा मात्र त्याचा जुना आवाज खणखणला. त्या दिवशी त्याचा हुकूम कुणाला जाचला नाही, कारण तो आपल्यासाठीच आहे हे प्रत्येकाला माहीत होतं. बांध टिकला.

पुढच्या वर्षी डाव्या वळशाने पाणी पूर्वेच्या गावांत पोहोचलं. बायका घागरी बाजूला ठेवून पाण्यात नुसत्या उभ्या राहिल्या. राणीने कालव्याला सेनापतीचं नाव द्यायचं ठरवलं.

सेनापतीने हात जोडले. "राणीसाहेब, मला माती धोंडजींनी शिकवली. माणसं चांगुणाआजींनी शिकवली. आणि जे मला सोडून गेले, त्यांनी माझी चूक दाखवली. ते गेले नसते तर मी अजून नगाराच वाजवत बसलो असतो. मी या सगळ्यांच्या ऋणात आहे, आणि त्यात राहणं मला आवडतं."

मग तो धोंडजीसमोर वाकला. म्हाताऱ्याने कुबडी बाजूला टेकवली आणि त्याला छातीशी धरलं.

त्यानंतर त्या राज्यात एक रीत पडली. नवा प्रमुख काम हाती घेण्याआधी एक दिवस आपल्या माणसांत बसे आणि विचारी, "माझ्या आतलं कोण तुम्हाला रोज दिसतं? आणि कोण कधीच दिसत नाही?" मिळेल ते उत्तर ऐकून तो त्यांचे आभार मानी, आणि मगच कामाला लागे.

बोध: जो आपल्या आतल्या सगळ्या माणसांना ओळखतो आणि ज्यांनी ती ओळख करून दिली त्यांचे उपकार स्मरतो, तोच इतरांना सोबत घेऊन पुढे जाऊ शकतो.