कडुलिंबाभोवतीच्या फेऱ्या

सांगा पाहू, अडचणीत विश्वास कुणावर ठेवावा? चौदा वर्षं राबलेल्या आपल्या पायांवर, की दिवसभर डबक्यात बसून राहणाऱ्या शेजारणीवर? सारजा बैलाने पायांचंच नाव घेतलं असतं.

घाण्यावर तेल निघायचं तेव्हाची ही गोष्ट. चौदा वर्षं घाणा ओढून म्हाताऱ्या झालेल्या सारजाच्या डोळ्यांवरची झापडं लहानू तेल्याने कायमची काढली, पाठीवर हात फिरवला आणि त्याला अंगणातल्या कडुलिंबाला बांधलं. "झालं बाबा तुझं काम. आता खा आणि बस."

पण सारजाला बसणं येत होतं कुठे! सवयीने तो झाडाभोवती फिरू लागला. फेरीगणिक दावं खोडाला गुंडाळत गेलं आणि दुपारी त्याचं तोंड खोडाला टेकलं. पाण्याचं घमेलं चार हातांवर, घशाला कोरड. तो जोर लावून पुढेच रेटत होता, तसतसा गळा आवळत होता.

"दादा, निघालं का कडुलिंबाचं तेल?" डबक्यातून चंद्री म्हैस म्हणाली.

"हसू नकोस बाई, जीव चाललाय!"

"मग आधी थांब. दम खा. आता उलटा फीर, सावकाश."

उलटा तो जन्मात फिरला नव्हता. पण अंगातलं बळ सरलं होतं, म्हणून त्याने तिचं ऐकलं. एकेका फेरीला दावं सैल होत गेलं. पोटभर पाणी पिऊन तो पहिल्यांदाच भरदिवसा सावलीत बसला.

"चंद्रे, पाय अजून आतल्या आत चालतायत गं."

"चालू देत. तू बस."

तर मंडळी, दिवसाचा हिशेब मांडाल तेव्हा सचोटीने मांडा. असा बसून घालवलेला वेळ तोट्यात धरू नका.